चरईतला फ्लॅट, मुरबाडची जमीन आणि मोबाइलवर आलेले चार निकाल

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलं आहे. हकिगत थोडक्यात अशी. वडील २०२१ मध्ये गेले, मृत्युपत्र केलेलं नाही. मागे आई, दोन भाऊ आणि या स्वतः. ठाण्यात चरईला एक फ्लॅट आहे. वडिलांनी नोकरीत असताना १९८६ मध्ये स्वतःच्या पैशांनी घेतलेला. सोसायटीत नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचं नाव होतं आणि २०२२ मध्ये सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव चढवलं. आता इमारत पुनर्विकासाला निघाली आहे आणि भाऊ बिल्डरशी एकट्याच्या नावाने करार करायच्या तयारीत आहे. बँकेतली नऊ लाखांची एफडी त्यानेच नॉमिनी म्हणून काढली. एलआयसीचे पैसे आईला मिळाले. मुरबाड तालुक्यात आजोबांपासून आलेली शेतजमीन आहे. तिच्याबद्दल भाऊ म्हणतो, "अठ्ठ्याण्णव साली घरच्या घरी वाटणी झाली, तुझं लग्न एक्क्याण्णवचं, तुझा काही संबंध नाही." मोठा भाऊ गप्प आहे.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बहीण-भावांनी मिळून चार बातम्या टाकल्या आहेत. भावाच्या दोन: 'सोसायटीने फ्लॅट नॉमिनीलाच द्यायचा, सुप्रीम कोर्ट' आणि '२००४ पूर्वी वाटणी झाली असेल तर मुलीला हक्क नाही'. ताईंच्या दोन: 'नॉमिनी मालक नाही, सुप्रीम कोर्ट' आणि 'मुलीला जन्मतः समान हक्क'. ताईंनी विचारलंय, यातला खरा निकाल कोणता धरायचा?

ताई, चारही खरे आहेत. एकही रद्द झालेला नाही. आणि तुमच्या फ्लॅटच्या बाबतीत त्यातले दोन तर लागूच होत नाहीत. ठाण्याच्या कोर्टात अठ्ठावीस वर्षं दिवाणी कामं चालवताना मला सगळ्यात जास्त नुकसान दिसलं ते खोट्या बातम्यांमुळे नाही; खऱ्या निकालाची फक्त पहिली ओळ वाचून लोक सही करून मोकळे होतात, त्यामुळे झालेलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भावाची पहिली बातमी. २०१६ मधला, इंद्राणी वाही नावाने ओळखला जाणारा निकाल. प्रकरण कोलकात्याचं. वडिलांनी फ्लॅटसाठी एका मुलीला नॉमिनी केलं होतं, घरातल्या बाकीच्यांचा विरोध होता, आणि प्रश्न पश्चिम बंगालच्या सहकार कायद्यातला होता: सभासद वारल्यावर सोसायटीने कोणाचं नाव लावायचं? सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नॉमिनेशन रीतसर असेल तर सोसायटीला दुसरा पर्याय नाही, नॉमिनीचं नाव लावावंच लागेल. भाऊ इथपर्यंत वाचतो आणि थांबतो. पुढे त्याच निकालात म्हटलंय की घरातल्या इतर मंडळींना वारसा हक्काचा दावा योग्य त्या ठिकाणी मांडायची मोकळीक आहे. म्हणजे कोर्टाने सोसायटीपुरता प्रश्न मिटवला. मालकीचा प्रश्न त्याच्यासमोर सोडवायला ठेवलेलाच नव्हता.

माझ्या मते प्रत्येक निकाल वाचताना पहिली गोष्ट हीच बघायची. वाद कोणाकोणात होता? सोसायटी आणि नॉमिनी यांच्यात, की वारसावारसांत? बँक आणि खातेदारात, की भावाबहिणीत? कोर्टासमोर जो प्रश्न होता त्याच्याच उत्तराला निकाल म्हणायचं. जाता जाता न्यायमूर्तींनी लिहिलेलं वाक्य कितीही जोरकस असलं तरी ते बंधनकारक असतंच असं नाही.

दुसरं म्हणजे, ते बंगालचं झालं. आपल्याकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं आणि त्यातल्या कलम १५४ब-१३ ने गोष्ट बरीच स्पष्ट केली. नॉमिनीला घ्यायचं ते प्रोव्हिजनल मेंबर, म्हणजे तात्पुरता सभासद म्हणून. खरे वारस किंवा मृत्युपत्रानुसार हक्क असलेली व्यक्ती सभासद होईपर्यंतच. तुमचे वडील २०२१ मध्ये गेले, म्हणजे हे कलम आल्यानंतर. त्यामुळे भावाचं सभासदत्व पहिल्या दिवसापासून तात्पुरतंच आहे, सोसायटीने तसा शब्द वापरला असो वा नसो.

आणि तुमच्या सोसायटीने तर तो जवळपास वापरलाच आहे. तुम्ही शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूचा जो फोटो पाठवलात तो मी मोठा करून बघितला. हस्तांतराच्या तक्त्यात तारीख, कमिटी सभेची तारीख, मग भावाचं नाव, आणि नावापुढे निळ्या शाईने कंसात 'नॉमिनी'. खाली चेअरमन, सेक्रेटरींच्या सह्या. बहुतेक सोसायट्या नुसतं नाव लिहितात. तुमच्या सेक्रेटरींनी तो एक शब्द लिहून ठेवला, हे फार चांगलं झालं. भाऊ कोणत्या नात्याने आत आला हे सोसायटीच्या सहीशिक्क्यानेच कागदावर आहे. या कागदाची सही केलेली प्रत आजच मागून घ्या. पुनर्विकासात जुनी सर्टिफिकेटं जमा होतात आणि नवी कोरी छापली जातात.

आता तुमची पहिली बातमी, नॉमिनी मालक नाही. १४ डिसेंबर २०२३ चा शक्ती येझदानी निकाल. हे प्रकरण 'कालनिर्णय'चे जयंतराव साळगावकर यांच्या मिळकतीवरून निघालं होतं. मृत्युपत्र एकीकडे आणि गुंतवणुकीतले नॉमिनी दुसरीकडे, असा पेच. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१० मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात म्हटलं होतं की कंपनीच्या शेअरचा नॉमिनी हा पूर्ण मालक होतो. तो समज २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने खोडला आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं: कंपनी कायद्यातलं नॉमिनेशन हा वारसा ठरवण्याचा तिसरा मार्ग नाही, मिळकत मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच जाते. निकाल शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल आहे, फ्लॅटबद्दल नाही. पण त्यामागचा विचार तुमच्या बाजूचा आहे आणि युक्तिवादात तो जरूर येईल. फ्लॅटसाठी मात्र तुमचा मुख्य आधार वर सांगितलेलं १५४ब-१३ हेच.

एफडीसाठी तर थेट निकाल आहे. राम चंदर तलवार, सुप्रीम कोर्ट, २०१०. बँकेने नॉमिनीला पैसे दिले की बँक सुटली. पण नॉमिनीने ते पैसे वारसांसाठी सांभाळायचे असतात. म्हणून बँकेत जाऊन मॅनेजरशी भांडू नका, त्यांनी कायद्यानेच दिले आहेत. त्या नऊ लाखांचा हिशेब भावाकडे मागायचा आहे आणि तोही एकाच दाव्यात.

एलआयसीचं मात्र वेगळं आहे. इथे 'नॉमिनी म्हणजे मालक नाही' हे वाक्य पाठ करून चालणार नाही. विम्याच्या बाबतीत सरबती देवीचा निकाल जुना, १९८४ चा म्हणून आम्ही ओळखतो. नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा, हे त्यात ठरलं. तीसेक वर्षं तेच चाललं. मग २०१५ मध्ये संसदेने विमा कायद्याचं कलम ३९ बदललं आणि सांगितलं की आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर ते स्वतःच त्या रकमेचे लाभार्थी. या बदलाचा नेमका अर्थ काय यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी वेगवेगळी मतं दिली आहेत. पण तुमच्याकडे नॉमिनी आई आहे. मी तुमचा वकील असतो तर आईच्या त्या पैशांना हात लावू दिला नसता. कायद्यानेही नाही आणि घर म्हणूनही नाही.

निकाल खरा असतो, पण त्याच्या पायाखालचा कायदाच बदललेला असतो, याचा एक अनुभव सांगतो. ऑगस्ट २०१४ मध्ये दशरथ राठोड प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की चेक न वटल्याची फिर्याद, चेक ज्या शाखेवर काढलेला आहे त्या शाखेच्या गावी करायची. वागळे इस्टेटमध्ये सुटे भाग बनवणारे माझे एक अशील होते. देणेकरी सगळे बाहेरगावचे, एक तर कोइम्बतूरचा. ठाण्यात दाखल केलेल्या ज्या फिर्यादींत पुरावा सुरू झाला नव्हता त्या परत मिळायला लागल्या, तीस दिवसांत तिकडे जाऊन दाखल करायच्या. माणूस गठ्ठा छातीशी धरून कोर्टाच्या पायऱ्यांवर बसला होता. सव्वा लाखाच्या चेकसाठी कोइम्बतूरला किती खेपा घालणार? त्याने दोन फिर्यादी सोडूनच दिल्या. जून २०१५ मध्ये वटहुकूम आला, पुढे कायदा झाला: फिर्याद आता, चेक जिथे वटवायला टाकला त्या आपल्या बँकेच्या शाखेच्या ठिकाणी. ज्यांनी दम धरला त्यांच्या फिर्यादी ठाण्यात परत आल्या. आजही कोणी तो २०१४ चा निकाल पाठवतो तेव्हा तो निकाल म्हणून अस्सल असतो, फक्त त्याच्यावर चालायचा रस्ता बंद झालेला असतो.

आता फ्लॅट. ताई, तुमची दुसरी बातमी 'मुलीला जन्मतः समान हक्क' ही फ्लॅटसाठी तुम्हाला लागतच नाही आणि भावाची 'वाटणी झाली असेल तर हक्क नाही' ही फ्लॅटला लागूच होत नाही. ते सगळं वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे. वडिलांनी स्वतः कमावलेला फ्लॅट मृत्युपत्राशिवाय मागे राहिला तर हिंदू वारसा कायद्याचं कलम ८ लागतं. त्यात पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली, आणि हयात असेल तर आई. सगळ्यांना सारखं. हे १९५६ पासून आहे, २००५ पासून नाही. मुलीचं लग्न कधी झालं याचा या कलमाशी काडीचा संबंध नाही. पूर्वी कलम २३ होतं. राहतं घर भाऊ वाटून घेत नाहीत तोवर मुलीने वाटणी मागायची नाही, अशी त्यात अट होती. २००५ मध्ये ते कलमच काढून टाकलं. तेव्हा फ्लॅटमध्ये आई, दोन भाऊ आणि तुम्ही, प्रत्येकी चार आणे. यात 'मिळेल का' असा प्रश्न नाही. तो हिस्सा वडील गेले त्या दिवसापासून तुमचाच आहे, फक्त कागदावर यायचा आहे.

लोक फ्लॅटच्या दाव्यात विनीता शर्माचा निकाल, म्हणजे तुमच्या दुसऱ्या बातमीतला, जोडतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण समोरचा वकील लगेच म्हणतो की ही मिळकत वडिलोपार्जित नाहीच, मग हा निकाल कशाला? आणि साधा सरळ दावा उगाच वळणावर जातो. जो निकाल लागत नाही तो जोडू नका. आपलं चांगलं असलेलं प्रकरण त्याने अशक्त होतं.

त्या निकालाची जागा मुरबाडच्या जमिनीत आहे, आणि तिथे तो समजून घ्यायला हवा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगीही मुलासारखी जन्मापासून एकत्र कुटुंबाची सहदायाद, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार, झाली. पुढे दहा-पंधरा वर्षं कोर्टात गोंधळ राहिला. २०१५ मध्ये प्रकाश विरुद्ध फुलावती निकालाने सांगितलं की दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ ला वडीलही हयात असायला हवेत. २०१८ मध्ये दनम्मा प्रकरणात त्याच उंचीच्या दुसऱ्या पीठाने, वडील २००१ मध्ये वारलेले असताना, मुलींना हिस्सा दिला. दोन्ही दोन न्यायमूर्तींचे. खालच्या कोर्टांनी काय धरायचं? शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी हा वाद मिटवला: हक्क जन्माने आहे, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही.

कळव्याच्या एक बाई माझ्याकडे २०२० च्या दिवाळीनंतर आल्या होत्या, त्या विसरता येत नाहीत. वडील २००२ मध्ये गेलेले. २०१६ मध्ये कोणीतरी त्यांना फुलावतीची बातमी वाचून दाखवली, 'आता तुझा हक्क राहिलाच नाही, मग सही करायला काय हरकत आहे' म्हणून सब-रजिस्ट्रारकडे नेलं आणि हक्कसोडपत्र नोंदवून घेतलं. चार वर्षांनी कायदा त्यांच्या बाजूने लागला. पण सही नोंदणीकृत होती, फसवणूक म्हणावी तर वाचून दाखवलेला निकाल त्या दिवशी खराच होता. मी कागद तीनदा वाचला. त्यांच्या हातात द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. निकाल बदलतो, पण त्या निकालावर विसंबून केलेली सही आपोआप बदलत नाही. ताई, म्हणून हात जोडून सांगतो: हक्कसोडपत्र, कुलमुखत्यारपत्र, बिल्डरचं संमतिपत्र, 'नुसतं सोसायटीसाठी लागतंय' असं म्हणून पुढे केलेलं काहीही, वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

लग्न १९९१ चं, हा भावाचा मुद्दाही हवेतून आलेला नाही. महाराष्ट्राने मुलींना सहदायाद करण्याचं काम केंद्राच्या अकरा वर्षं आधी केलं. २२ जून १९९४ पासून ते लागू झालं. पण त्यात एक वगळ होती: त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून बाहेर. गावाकडे ही गोष्ट पक्की डोक्यात बसली आणि अजून निघालेली नाही. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत लग्न झालेली-न झालेली असा भेद नाही. त्यामुळे १९९१ च्या लग्नाने तुमचा हक्क जात नाही.

अठ्ठ्याण्णवच्या वाटणीचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्या. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्या आणि विक्र्या कायद्यानेच राखल्या आहेत. प्रश्न एवढाच, वाटणी झाली हे सिद्ध कशाने होणार? हिंदू वारसा कायद्याच्या कलम ६ ला नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा लागतो. विनीता शर्मात कोर्टाने सांगितलं की तोंडी वाटणी झाली म्हटल्यावर ते सहज मान्य करायचं नाही. अपवाद म्हणून, सरकारी दप्तरातल्या कागदांचा आधार असेल तरच. आता बघा, भाऊ 'घरच्या घरी झाली' म्हणतो. त्या वेळी तहसीलदारांकडे अर्ज होऊन वाटपाचा फेरफार झाला होता का? वडिलांच्या आणि भावांच्या नावाने सातबारे वेगळे झाले का? झाले असतील तर लढत अवघड आहे, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. आणि २०२१ नंतर वारस नोंद लावताना घाईघाईने केलेला फेरफार असेल, तर त्याला त्या अर्थाने किंमत नाही. फेरफार नोंद महसूल वसुलीसाठी असते, तिने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सुप्रीम कोर्टाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

त्याच्याही मागे एक प्रश्न आहे जो कोणी विचारत नाही. आजोबा कधी वारले? जमीन आजोबांची स्वतःची असेल आणि ते १९५६ नंतर मृत्युपत्राशिवाय गेले असतील, तर १९८६ च्या चंदर सेन निकालाप्रमाणे वडिलांना आलेला हिस्सा हा वडिलांचा वैयक्तिक झाला, एकत्र कुटुंबाचा नाही. मग तोही कलम ८ ने चौघांत वाटला जाईल आणि घरातल्या वाटणीचा आधार घेणंही भावाला तितकंच अवघड जाईल. आजोबा १९५६ आधी गेले असतील तर गोष्ट सहदायादीची. गंमत अशी की दोन्ही वाटांनी हिशेब केला तरी आकडा तोच येतो. सहदायादीच्या वाटेने वडील गेले त्या क्षणी कल्पित वाटणी धरायची, म्हणजे वाटणी झालीच होती असं समजून हिशेब करायचा: वडील, आई, दोन मुलगे, मुलगी, प्रत्येकी एक पंचमांश. मग वडिलांचा एक पंचमांश उरलेल्या चौघांत. एक पंचमांश अधिक एक विसांश म्हणजे एक चतुर्थांश. आकडा सारखाच असला तरी फरक पडतो तो मधल्या व्यवहारांना. वडिलांनी मधल्या काळात जमिनीचा तुकडा विकला किंवा कोणाला बक्षीस दिला असेल, तर स्वतःच्या मालकीचा असल्यास तो त्यांचा अधिकार. एकत्र कुटुंबाचा असल्यास त्याला हरकत घेता येते.

आता करायचं काय. सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि बिल्डरला रजिस्टर पोस्टाने एक साधं पत्र पाठवा. वडील मृत्युपत्राशिवाय गेले, वारस चार, भाऊ फक्त नॉमिनी, फ्लॅटबाबत एकट्याशी करार करू नये, आणि नवीन जागेचा करार व भाड्याची रक्कम चौघांच्या संमतीशिवाय ठरवू नये. धमकी नको, विशेषणं नकोत. पुनर्विकास थांबवायचा प्रयत्न करू नका. शेजाऱ्यांची अडवणूक केली तर कोर्टालाही ते आवडत नाही, आणि आईचंही घर त्याच इमारतीत आहे. मागणी एवढीच ठेवा की नवीन फ्लॅट चौघांच्या नावावर यावा आणि तोवर मिळणारं भाडं आईच्या खात्यात जावं. बिल्डरचे वकील असं पत्र आल्यावर सहसा स्वतःच थबकतात, कारण अपुऱ्या सह्यांचा करार त्यांनाही नको असतो. सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे मालकीचा वाद नेऊ नका. तो ठरवणं त्यांचं कामच नाही.

भाऊ ऐकत नसेल तर वाटपाचा दावा, ठाण्याच्या दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे. मुरबाडला वेगळं कोर्ट आहे, पण वेगवेगळ्या ठिकाणच्या मिळकती एकाच दाव्यात घेता येतात, आणि घ्याव्यातच. फ्लॅट, जमीन आणि एफडी एकत्र. तुकड्या-तुकड्याने वाटप मागितलं तर त्यावरच हरकत येते. दाव्यासोबत मनाईचा अर्ज, की निकालापर्यंत भावाने फ्लॅट विकू, गहाण टाकू किंवा एकट्याच्या नावाने करार करू नये. कोर्ट फीची काळजी करू नका. मिळकतीच्या वादात महिलांना महाराष्ट्रात १९९४ च्या अधिसूचनेपासून कोर्ट फी माफ आहे. हे कितीतरी बहिणींना माहीतच नसतं, आणि फीच्या धास्तीने त्या वर्षानुवर्षं गप्प राहतात. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणातर्फे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, कोर्ट नाक्यावरच चौकशी करा.

एक गोष्ट मनाची तयारी म्हणून. दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, हिस्से ठरतात. पेढे तेव्हाच वाटू नका. प्रत्यक्ष वाटप अंतिम हुकूमनाम्यात होतं, शेतजमिनीचं जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. मधली वर्षं अनेकांची तिथे अडकतात. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्राथमिक हुकूमनामा झाल्यावर कोर्टाने वेगळ्या अर्जाची वाट न बघता प्रकरण पुढे न्यावं. तो निकाल, कट्टुकंडी नावाचा, हाताशी ठेवा आणि तारखेला दाखवा. हा मात्र तुमच्या कामाचा आहे.

त्याआधी मध्यस्थी होऊ शकते, आणि तुमच्या प्रकरणात होईल असं मला वाटतं, कारण तुमचा गप्प असलेला मोठा भाऊ. त्याचाही चौथा हिस्सा जातोय. त्याला बाजू घ्यायला सांगू नका, फक्त शेअर सर्टिफिकेटच्या मागचा तो शब्द दाखवा. समझोता झालाच तर तो तोंडी ठेवू नका. आधीच झालेल्या तडजोडीची नुसती आठवण लिहून ठेवली तर नोंदणी लागत नाही, पण ज्या कागदानेच हिस्से बदलतात तो नोंदवावाच लागतो, हे काले प्रकरणापासून, म्हणजे १९७६ पासून ठरलेलं आहे. सगळ्यात सुरक्षित म्हणजे दाव्यात किंवा लोक अदालतीत तडजोडीचा हुकूमनामा.

आईबद्दल तुम्ही शेवटी एकच ओळ लिहिली आहे, की धाकटा तिच्याकडून तिचा हिस्सा बक्षीसपत्राने लिहून घेईल अशी भीती वाटते. हिस्सा तिचा आहे, तिला हवा त्याला देऊ दे. तुम्ही अडवू शकत नाही आणि अडवूही नका. पण बक्षीसपत्र झालंच तर त्यात 'मरेपर्यंत सांभाळ करण्याच्या अटीवर' हे वाक्य असलंच पाहिजे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळ केला नाही तर ते पत्र रद्द होऊ शकतं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की त्यासाठी तशी अट असल्याचं दिसायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात कायद्याचा हेतू बघून उदार अर्थ लावला आणि आईच्या बाजूने निकाल दिला, पण तिथेही सांभाळाचं वचन कागदावर होतं. म्हणून ते वाक्य घाला. आणि हे भावाला नाही, आईलाच सांगा, तुम्ही दोघीच असाल तेव्हा, घाई न करता.

तुम्ही नवी मुंबईतला तुमचा स्वतःचा फ्लॅटही मुलाला नॉमिनी करून ठेवलाय असं लिहिलंत. नॉमिनेशन राहू द्या, ते कामाचं आहे, सोसायटीचा कारभार अडत नाही. पण सिडकोच्या जमिनीवरच्या घराला हस्तांतराच्या वेळी सिडकोचंही दप्तर असतं, आणि तुम्हाला दोन मुलं आहेत. दोन साक्षीदारांसमोर साधं मृत्युपत्र करून ठेवा. दोघांनीही तुमच्या देखत सही करायला हवी, बस.

माझ्या टेबलावर आत्ता नसलेला आणि सगळ्यात आधी लागणारा कागद मुरबाड तहसीलच्या अभिलेख कक्षात आहे. आजोबांच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार, आणि १९९८ ते २००४ मधले त्या गट नंबरवरचे सगळे फेरफार, नकलेच्या अर्जाने काढा. त्यावरच्या तारखा आल्या की जमिनीबद्दल मी वर 'असेल तर' म्हणून जे लिहिलंय त्यातलं कोणतं खरं ते सांगता येईल. फ्लॅट आणि एफडीबद्दल मात्र थांबायचं कारण नाही. ते पत्र या आठवड्यात जाऊ द्या.